उतारवयातील कागदपत्रांसाठी भरवशाचा वकील पारखावा कसा?

सुलभा_गोरेगाव

नमस्कार. माझे वय ६८, यजमानांचे ७६. गोरेगाव पूर्वेला आमची दोघांच्या नावावरची सदनिका आहे, मुलगा बंगळुरूला आणि मुलगी डोंबिवलीला असते. गेल्या दिवाळीपासून यजमानांना विसर पडू लागला आणि तपासण्यांनंतर डॉक्टरांनी ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचे सांगितले. चांगल्या दिवशी ते १९७४ च्या रेल्वे संपातल्या घडामोडी तारखेनिशी सांगतात. वाईट दिवशी मात्र आपण जेवलो की नाही, हे त्यांना मला विचारावे लागते.

मृत्युपत्र, बँकेचे व्यवहार आणि पुढे इस्पितळात घ्यावे लागणारे निर्णय, हे सगळे त्यांच्या संमतीने आणि त्यांना समजत आहे तोवर मार्गी लावायचे आहे. आतापर्यंत दोन वकिलांना भेटले. पहिल्यांनी मृत्युपत्र, बक्षीसपत्र (हयातीतच मालमत्ता दुसऱ्याला देऊन टाकण्याचा कागद) आणि मुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद) असा एकत्र संच सांगून फी म्हणून सदनिकेच्या बाजारभावाचा एक टक्का मागितला. दुसऱ्यांनी आधीच टंकलेला कागद पुढे सरकवला आणि रिकाम्या जागी नावे भरायला सांगितले. त्यांनी यजमानांकडे मान वर करूनही पाहिले नाही. कोणत्याही वकिलाचे नाव मला नको आहे. माणूस भरवशाचा आहे की नाही हे आपल्यासारख्या सामान्यांनी ओळखायचे कसे, एवढेच विचारायचे आहे.

पारसिक

सुलभाताई, मृत्युपत्राला वकील लागतोच असे नाही. साध्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात, दोन साक्षीदारांसमोर सही करून केलेले मृत्युपत्र कायद्याने पूर्ण वैध असते. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणीही ऐच्छिक आहे. माझ्या वडिलांनी वहीच्या दोन पानांवर लिहिले होते आणि आमचे काम विनासायास झाले. ज्याला त्याला वकिलाकडे पाठवण्याची ही सवय आपण सोडायला हवी.

चहाबिस्किट

पारसिककाका, तुमचे काम विनासायास झाले, कारण तुम्ही एकुलते एक आहात. भावंडे असती तर त्या दोन पानांतला प्रत्येक स्वल्पविराम उच्च न्यायालयात पोहोचला असता.

मालाडचा_थोरला

चहाबिस्किट यांनी गमतीत लिहिले, आमच्या घरी ते अक्षरशः घडले. वडिलांनीही पारसिक म्हणतात तसेच घरच्या घरी मृत्युपत्र केले होते. भाषा स्वच्छ होती, सह्या होत्या, तारीख होती. फक्त साक्षीदार म्हणून त्यांनी आपले दोन मित्र निवडले आणि ते दोघेही वडिलांपेक्षा वयाने मोठे होते. वडील गेले तेव्हा दोघांपैकी एकही हयात नव्हता. आत्याने हरकत घेतली आणि मृत्युपत्र सिद्ध करण्यासाठी निदान एका साक्षीदाराला उभे करा असे आले, तेव्हा आम्ही त्या दोघांची जुनी पत्रे, पासबुके आणि लग्नपत्रिकेमागची लिखाणे शोधत घरोघरी फिरलो. हस्ताक्षर आणि सही ओळखणारे लोक आणून ते सिद्ध करावे लागले. त्यात चार वर्षे गेली. एखाद्या वकिलाने सुरुवातीलाच ‘साक्षीदार तुमच्याहून वीस वर्षांनी लहान घ्या’ एवढे एक वाक्य सांगितले असते, तर त्या वाक्याची कितीही फी मी आनंदाने दिली असती.

व्यवस्थापक, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती, त्यांनी नेमलीच नव्हती. तो घोळ वेगळाच झाला, पण त्याबद्दल लिहीत नाही.

फोर्टातला_कारकून

एका सॉलिसिटर कार्यालयात मी चौतीस वर्षे कारकुनी केली, त्या अनुभवावरून लिहितो. सुलभाताई, दुसऱ्या वकिलाबद्दल तुम्ही जे एक वाक्य लिहिले आहे, त्यातच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. मृत्युपत्र ज्याचे आहे त्याच्याकडे जो वकील पाहत नाही, त्याचा अशील कोण, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

आमच्या कार्यालयातले थोरले साहेब वृद्ध माणूस आला की बरोबरच्या मुलाला, सुनेला किंवा पत्नीलाही बाहेरच्या बाकावर बसायला सांगत. अनेकांना राग येई. एकदा एक चिरंजीव म्हणाले, ‘वडिलांना ऐकू कमी येते, मी आत असलेला बरा.’ साहेबांनी पाटी आणि खडू मागवला, पण चिरंजीवांना आत घेतले नाही. मी ही गोष्ट पहिल्या कसोटीसारखी सांगेन. वकिलाने आजोबांशी एकट्याने, दार लावून, निदान अर्धा तास बोलायला हवे आणि शक्य झाल्यास दोन वेगवेगळ्या दिवशी बोलायला हवे.

दुसरे असे की सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा, क्रमांक विचारायला संकोच करू नका. तो महाराष्ट्र आणि गोवा बार काउन्सिल देते आणि त्याच्या शेवटी नोंदणीचे वर्ष असते, त्यामुळे ‘तीस वर्षांचा अनुभव’ तिथल्या तिथे मोजता येतो.

काळाकोट

मी स्वतः वकील आहे. हा धागा मला ग्राहक मिळवण्यासाठी वापरायचा नसल्यामुळे येथे कोणीही मला व्यक्तिगत निरोप पाठवू नये, ही विनंती आधीच करतो.

पहिल्या वकिलाच्या एक टक्क्याबद्दल लिहितो. भारतीय बार काउन्सिलच्या नियमांप्रमाणे दाव्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला किंवा दाव्यातून मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा घ्यायला वकिलाला मनाई आहे. मृत्युपत्रात निकाल नसतो, त्यामुळे तो नियम इथे जसाच्या तसा लागत नाही. परंतु एक कोटीच्या आणि तीन कोटींच्या सदनिकेचे मृत्युपत्र लिहायला मेहनत सारखीच लागते, त्यामुळे टक्क्यावर फी मागणारा माणूस कामाची नव्हे, तर तुमच्या सदनिकेची किंमत लावत असतो. ठरावीक रक्कम, त्यात काय येते आणि काय येत नाही, हे सगळे लिहून मागा आणि दिलेल्या पैशाची पावती घ्या.

जाहिरातींबद्दलही एक खुलासा करतो. नियम ३६ प्रमाणे वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही. संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढी माहिती देण्याची मुभा २००८ पासून आहे. ‘मुंबईतील सर्वोत्तम दहा वकील’ या जातीच्या याद्या पाहून वकील निवडू नये, कारण नियम पाळणारा माणूस त्या यादीत स्वतःहून जाणार नाही.

दूरदेशी

गेली एकवीस वर्षे न्यू जर्सीत राहतो. इकडे ‘एल्डर लॉ’ ही वकिलीची स्वतंत्र शाखा आहे आणि नॅशनल एल्डर लॉ फाउंडेशन ही संस्था परीक्षा घेऊन त्या विषयातले प्रमाणपत्र देते. शोध तिथून सुरू करता येतो. अर्थात इकडच्या त्या वकिलांचे मोठे काम वेगळे असते. शुश्रूषागृहाचा खर्च मेडिकेडने, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेने, उचलावा यासाठी अर्ज केला की मागच्या पाच वर्षांत मालमत्ता कोणाला देऊन टाकली का, हे तपासले जाते आणि सगळे नियोजन त्या पाच वर्षांच्या हिशेबाने चालते. आपल्याकडे अशी प्रमाणित शाखा का नसावी?

इकडे आजाराने समज गेल्यावरही चालू राहणारे मुखत्यारपत्र करता येते. सुलभाताईंनी तेच प्रथम करून घ्यावे.

काळाकोट

दूरदेशी, तुमचा हेतू चांगला आहे, पण शेवटचा सल्ला भारतात लागू नाही आणि या धाग्यातला सर्वांत धोक्याचा मुद्दा नेमका तोच आहे, म्हणून पुन्हा लिहितो आहे.

आपल्याकडे मुखत्यारपत्र हा करार कायद्यातल्या अभिकर्त्याचा, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याचा, प्रकार आहे. कलम २०१ प्रमाणे मुख्य व्यक्ती मरण पावली किंवा तिची समज गेली की अभिकर्त्याचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी कुटुंब ते करून ठेवते, त्याच दिवशी ते निकामी होते. समज गेल्यानंतर मालमत्ता आणि खाती सांभाळायची असतील, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाकडे जाऊन पालक म्हणून नेमणूक मागावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने बेशुद्धावस्थेतल्या रुग्णांच्या जोडीदारांची अशी नेमणूक केली आहे, पण त्यासाठी वैद्यकीय अहवाल, चौकशी आणि वेळ लागतो.

सुलभाताई, ‘आज मुखत्यारपत्र केले तर यांचा आजार वाढल्यावरही ते चालेल का?’ हा प्रश्न भेटाल त्या प्रत्येक वकिलाला विचारा. बिनदिक्कत ‘हो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

चहाबिस्किट

एक टक्का वाचला. काळाकोट यांना घरचे दोन लाडू पाठवले तर ते नियम ३६ मध्ये बसते का?

विलेपार्ल्याची_मावशी

बक्षीसपत्राचे नाव निघाले म्हणून लिहिते. महाराष्ट्रात राहते घर नवरा, बायको, मुले किंवा नातवंडांना बक्षीस दिले तर मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. नोंदणीचा आणि इतर खर्च वेगळा असतो. या स्वस्ताईला भुलून माझ्या थोरल्या बहिणीने घर मुलाच्या नावावर केले. ज्या वकिलाने ते केले त्याला मुलानेच आणले होते. बहिणीचा सांभाळ करण्याची अट कागदात घातली का, असे मी नंतर विचारले, तेव्हा वकील म्हणाले, ‘घरच्या माणसांत अटी कशाला?’ दीड वर्षात बहीण माझ्याकडे राहायला आली.

ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातले कलम २३ अशा वेळी बक्षीसपत्र रद्द करण्याचा मार्ग देते. परंतु सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मध्ये ऊर्मिला दीक्षित प्रकरणात न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असे म्हणून आईचे बक्षीसपत्र रद्द ठरवले. मात्र तिथे मुलाने सांभाळाचे वचनपत्र लिहून दिल्याचे आईचे म्हणणे होते. बहिणीकडे तसा कागदच नव्हता. अखेर प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणात पोटगी मिळाली. तिची कमाल मर्यादा कायद्यात महिना दहा हजार आहे आणि मुंबईत त्यात काय होते ते येथे सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या न्यायाधिकरणापुढे वकील देता येणार नाही असे मूळ कलम १७ म्हणते. म्हणजे भांडण झाल्यावर वकील नको आणि कागद करताना मात्र हवा, असा हा उलटा प्रकार आहे. कागद करताना मुलाने आणलेला वकील घेऊ नका, एवढे मी हात जोडून सांगते.

पारसिक

मावशी, तुमच्या बहिणीबद्दल वाचून वाईट वाटले. तरीही प्रत्येक मुलाकडे संशयाने पाहावे असा सूर या धाग्याला लागू नये. ७६ वर्षांचा माणूस कोर्टाच्या आवारात वकील शोधत फिरणार आहे का? मुलांनीच शोधायचा ना?

फोर्टातला_कारकून

पारसिक, मुलाने शोधावा, फोन करावा, रिक्षातून न्यावे, यात काहीच गैर नाही. अडचण पुढे येते. ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्यानेच मृत्युपत्राच्या कामात पुढाकार घेतला, तर न्यायालय ती संशयास्पद परिस्थिती मानते आणि संशय दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये वेंकटचल अय्यंगार प्रकरणात हे सांगितले आणि अजूनही प्रत्येक मृत्युपत्राच्या भांडणात तोच निकाल उघडला जातो. म्हणजे दार लावून बोलणारा वकील मुलाचेही संरक्षणच करत असतो. भल्या मुलाला हे समजावून सांगितले की तो स्वतःच बाकावर जाऊन बसतो.

ठाण्याचा_निनाद

आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे ‘सगळे आपोआप बायकोला मिळेल’ असे मी धरून चाललो होतो. ज्या वकीलबाईंकडे गेलो त्यांनी विचारले, ‘तुमची आई हयात आहे का?’ आहे म्हटल्यावर त्यांनी सांगितले की मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आईही पत्नीच्या बरोबरीची वारस असते. मग त्यांनी बायकोला विचारले की तुमच्या माघारी काय व्हावे. तिने स्वतः कमावलेले तिच्या बहिणीला जावे अशी तिची इच्छा होती. मृत्युपत्र नसते तर मी नसताना कलम १५ प्रमाणे ते माझ्या वारसांकडे, म्हणजे माझ्या चुलतभावांपर्यंतही गेले असते. यातला एकही प्रश्न आम्ही विचारला नव्हता. त्या बाईंनी आम्हाला विचारला. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला तो त्यामुळे.

सोसायटीतल्या नामनिर्देशनावर (नॉमिनेशनवर) आम्ही निर्धास्त होतो. तो भ्रमही त्यांनी दूर केला. सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलमाप्रमाणे नामनिर्देशित व्यक्ती वारस ठरेपर्यंत तात्पुरती सभासद असते, मालक होत नाही. समभागांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही असेच सांगितले आहे.

मालाडचा_थोरला

निनाद, प्रोबेटबद्दल, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याच्या न्यायालयाच्या दाखल्याबद्दल, काय सांगितले? आम्ही कोर्ट फीच भरली ७५ हजार रुपये.

काळाकोट

थोरले, तो कमाल मर्यादेचा आकडा. मुंबईतल्या मालमत्तेचे मृत्युपत्र असेल तर प्रोबेट घेतल्याशिवाय न्यायालयात हक्क सांगता येत नसे, कारण भारतीय वारसा कायद्याच्या कलम २१३ ने मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांच्यासाठी ती सक्ती ठेवली होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलमच वगळले. प्रोबेट आजही घेता येते आणि भांडणाची शक्यता असेल तर घ्यावे, पण आता सक्ती उरलेली नाही. वकिलाचे ज्ञान ताजे आहे की पंधरा वर्षांपूर्वीचे, हे पाहायला हा प्रश्नही चांगला आहे.

डॉ_टिळकनगर

चर्चा मालमत्तेतच फिरते आहे, म्हणून यजमानांचा आजार आणि सुलभाताईंची तिसरी काळजी, म्हणजे इस्पितळातले निर्णय, यांकडे वळतो. स्मृतिभ्रंशाचे निदान झाले म्हणजे मृत्युपत्र करता येत नाही, असे नाही. आपण काय करतो आहोत, आपली मालमत्ता कोणती आणि आपली माणसे कोण, हे त्या वेळी समजत असेल तर मृत्युपत्र वैध ठरते. अधूनमधून समज जाणाऱ्या व्यक्तीलाही समजत्या काळात ते करण्याचा अधिकार कायदा देतो. म्हणून मृत्युपत्रावर सही होईल त्याच दिवशी, त्याच तारखेचे तपासणीचे टिपण घ्या. नुसते ‘मानसिकदृष्ट्या सक्षम’ असे एका ओळीचे प्रमाणपत्र फारसे टिकत नाही. काय विचारले आणि रुग्णाने काय उत्तर दिले, हे त्यात असावे. शक्य असल्यास तपासणाऱ्या डॉक्टरांनाच साक्षीदार करा.

इस्पितळातल्या निर्णयांसाठी वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे पुढे स्वतः सांगता आले नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारा कागद, वेगळे करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत नाही, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. त्याची एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांकडे आणि एक महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. माझ्या अनुभवात मृत्युपत्रे करणाऱ्या वकिलांपैकी थोड्यांनीच हे हाताळले आहे, तेव्हा तेही विचारून घ्या.

विलेपार्ल्याची_मावशी

ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवते. विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, क्रमांक १५१००. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. बहिणीला मार्ग तिथूनच सापडला.

सुलभा_गोरेगाव

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मधले दिवस चांगले नव्हते.

तीन वकिलांना भेटले आणि काळाकोट यांनी दिलेला मुखत्यारपत्राचा प्रश्न तिघांनाही शब्दशः विचारला. पहिले म्हणाले, ‘हो, अगदी चालेल.’ दुसरे म्हणाले, ‘पुढचे पुढे बघू.’ तिसऱ्या वकीलबाई गिरगावात दुसऱ्या मजल्यावर बसतात आणि तिथे लिफ्ट नाही. यजमानांना जिना चढवणार कसे असे मी फोनवर विचारले, तेव्हा त्या स्वतः खाली आल्या आणि कोपऱ्यावरच्या उडप्याकडे मागच्या टेबलावर आम्ही बसलो. प्रश्न ऐकून त्या म्हणाल्या, ‘नाही चालणार, आणि म्हणून आपल्याला आता कोणती कामे करायची ते ठरवले पाहिजे.’ बँकेची खाती दोघांपैकी कोणालाही चालवता येतील अशी करून घ्यायला सांगितले. बक्षीसपत्र करूच नका म्हणाल्या. म्हणजे एका कामाची फी त्यांनी स्वतःहून सोडली. उरलेल्या कामांची रक्कम एका कागदावर लिहून दिली.

मग त्यांनी मला दुसऱ्या टेबलावर जाऊन बसायला सांगितले. कारकूनकाकांनी आधी लिहून ठेवले होते, तरीही खरे सांगते, मला अपमान वाटला. सेहेचाळीस वर्षांच्या संसारानंतर मी परकी झाले का, असे मनात आले. चाळीस मिनिटे मी त्या दोघांकडे पाठ करून कॉफी पीत बसले. नंतर काय बोलणे झाले असे विचारले, तर बाई म्हणाल्या, ‘ते तुम्ही त्यांनाच विचारा.’ मी विचारले नाही. परतताना जोगेश्वरीच्या पुढे रिक्षात त्यांनीच सांगितले की निवृत्तीच्या पैशांतली एक ठेव चिपळूणला राहणाऱ्या त्यांच्या विधवा बहिणीला जावी अशी त्यांची इच्छा आहे आणि मला वाईट वाटेल म्हणून ते इतकी वर्षे बोलले नव्हते. मला वाईट वाटले ते न सांगितल्याचे वाटले, ठेवीचे नव्हे.

मसुदा तयार आहे. वकीलबाईंनी तो दुसऱ्या भेटीत, आठ दिवसांनी, यजमानांकडून पुन्हा वदवून घेतला आणि ठेवीचा मुद्दा यजमानांनी तसाच सांगितला. साक्षीदार म्हणून आमचे डॉक्टर आणि तळमजल्यावरचे शेजारी आहेत. शेजाऱ्यांचे वय ४१ आहे, मालाडच्या थोरल्यांनी नोंद घ्यावी. नोंदणी करणार आहोत. कारकूनकाका, यजमानांची सकाळ चांगली जाते आणि चारनंतर त्यांचा गोंधळ वाढतो. दुय्यम निबंधक घरी येऊ शकतात का, आणि वेळ मागून घेता येते का?

फोर्टातला_कारकून

येऊ शकतात. आजारी किंवा अशक्त व्यक्तीसाठी नोंदणी कायद्यात तशी तरतूद आहे. लेखी अर्ज करा, त्याला डॉक्टरांचा दाखला जोडा आणि गृहभेटीचे शुल्क भरून पावती घ्या. अर्जातच ‘सकाळी’ असे कारणासहित लिहा, तोंडी सांगितलेले विसरले जाते. त्या दिवशी आदल्या रात्रीची झोप नीट झाली आहे ना ते पाहा आणि दोन्ही साक्षीदारांना अर्धा तास आधी बोलवा. अधिकारी यजमानांना स्वतः प्रश्न विचारतील, तेव्हा उत्तराला उशीर झाला तरी तुम्ही मधे बोलू नका.

सुलभा_गोरेगाव

ते जमेल. आता मला दुसऱ्या टेबलावर बसायची सवय झाली आहे.